अस्वलाची छत्री

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटत नसे. कवळ्या करणं हाच तिचा धंदा होता आणि गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिच्या हातचं काम होतं. समोरचा माणूस हसला की ती त्याच्या डोळ्यांकडे नाही, दातांकडे बघायची, आणि ओळखीचे दात दिसले की खुशाल विचारायची, "टोचत नाहीत ना?" एकदा तर भर लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांना विचारलं होतं. आजोबांनी बिचाऱ्यांनी कवळी काढूनच दाखवली.

खाली लॅब आणि वर दोन खोल्या असं तिचं घर होतं. लॅबमध्ये प्लास्टरचा पांढरा धुरळा, मेणाचा वास आणि फळीवर ओळीनं मांडलेले जबडे. हे सगळं वडिलांनी उभं केलेलं. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर लोकांची तोंडं बघते, वर गेल्यावर आणखी एक कशाला?" वरच्या एका खोलीत ती राहायची आणि दुसऱ्या खोलीत खेळणी राहायची. खेळण्यांची खोली मोठी होती.

आता खेळण्यांचा संग्रह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं येतात, मखमलीत ठेवलेल्या आगगाड्या येतात, मोठमोठ्या कंपन्यांची नावं येतात. कवळीताईंकडे यातलं काही नव्हतं. मोठ्या कंपनीचं खेळणं कुणी फुकट दिलं असतं तरी तिनं ते दारातच ठेवलं असतं. तिच्याकडे होती ती स्टेशनाबाहेर, शाळेच्या फाटकाशी, टोपलीतून नाहीतर दोरीला टांगून विकली जाणारी खेळणी. कुणाच्या तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार झालेली. असे कारखाने चार-दोन वर्षं चालले आणि बंद पडले. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, मालक कोण होता ते त्याच्या शेजाऱ्यालाही आठवत नसेल.

पण कवळीताईंना त्या खेळण्यांत एक गोष्ट दिसायची, ती म्हणजे काटकसर. पत्र्याचं बदक उलटं करून ती आत टॉर्च मारायची, तर आत अर्धवट छापलेली बुटाच्या पॉलिशची जाहिरात. छपाई बिघडलेला डब्यांचा पत्रा कुणीतरी स्वस्तात उचलला होता आणि त्याची बदकं केली होती. एका ट्रकच्या खिडकीत ड्रायव्हर रंगवलेला होता, पण एकाच बाजूनं. दुसरी बाजू पुठ्ठ्याला चिकटवलेली असायची, ती कोण बघणार? प्लास्टिकचे घोडे तर असे, की एकाच घोड्यात चार रंगांचे पट्टे, कारण दिवसाअखेरी उरलेलं सगळं एकत्र वितळवलेलं. एक माकड तिच्याकडे तीनदा होतं. माकड तेच, साचा तोच, फक्त पाठीवरचं आधीच्या कारखान्याचं नाव कानशीनं घासून नवीन ठोकलेलं. कंगाल झालेल्यानं साचा विकला, दुसऱ्यानं घेतला, तोही कंगाल झाला. माकड मात्र तिन्ही वेळा त्याच उत्साहात झांजा वाजवत होतं. ज्याच्या खिशात फारसं काही नाही त्याच्या पोरालाही माकड मिळालं पाहिजे, असं कुणाला तरी वाटलं होतं, आणि त्यासाठी त्या माणसानं डोकं झिजवलं होतं. याचं तिला फार अप्रूप होतं. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, पण या लोकांनी दात कोरून खेळणी केली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती खोलीतल्या सगळ्या चावीच्या खेळण्यांना पाळीपाळीनं चावी द्यायची. स्प्रिंग पडून राहिली की जाम होते. खालच्या रस्त्यावरच्या लोकांना तो खडखडाट ओळखीचा झाला होता.

या सगळ्या कारखान्यांत तिचा जीव एकात जास्त होता. त्याचं नाव कुठेच नव्हतं, नुसता एका पायावर उभा असलेला बगळा पत्र्यात उठवलेला असायचा. म्हणून जुनी खेळणी जमवणारे त्याला बगळा छाप म्हणत. बगळ्यानं मोजकीच खेळणी काढली आणि पंख मिटले. त्यातलं एक होतं सायकलवरचं अस्वल. चावी दिली की अस्वल पायडल मारत गोल फिरायचं आणि त्याच्या हातातली छत्रीही गरगर फिरायची. छत्री होती पातळ प्लास्टिकची, काडीएवढ्या दांड्यावर बसवलेली, ती पहिल्याच दिवशी मोडायची. त्यामुळे अस्वलं सापडायची, छत्री मात्र आजवर कुणालाही सापडली नव्हती. खोक्याच्या झाकणावर चित्र होतं खरं, पण तेही बगळ्याच्या हिशेबानं एकाच तपकिरी शाईत छापलेलं आणि छत्रीचं टोक कडेला कापलं गेलेलं. खरी छत्री बघितलेली माणसं आता उरली होती दोन. एक कवळीताई आणि दुसरा तिचा दादा.

वडिलांनी दोघांत मिळून एक अस्वल आणलं होतं. मिळून म्हटलं तरी वडिलांनी ते ठेवलं तिच्या हातात, कारण ती धाकटी आणि तापातून उठलेली. छत्री संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. तिचं म्हणणं दादानं मोडली, दादाचं म्हणणं तिनं. मोडलेले तुकडे आईनं केरात काढले आणि तिथून पुढे भांडण सुरू झालं ते छत्रीच्या रंगाचं. ती म्हणायची पिवळी होती. तो म्हणायचा हिरवी होती. दोघं मोठी झाली, वडिलांच्या हाताखाली दात घडवायला शिकली, वडील गेले, दादाचं लग्न झालं, वहिनी आली. वहिनीला घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच विचारण्यात आलं की तिला काय वाटतं. वहिनी शहाणी, ती म्हणाली मी तेव्हा जन्मले नव्हते.

खरं सांगायचं तर रंगाच्या बाबतीत दादाशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दाताचा रंग जुळवणं हे त्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आणि दादाचा डोळा त्यात कधी चुकत नसे. डॉक्टर मंडळी पेशंटला घेऊन त्याच्याकडे यायची. खिडकीशी बसवून तो एकदा बघायचा आणि डबीतून नेमका दात काढायचा. डावखुरा होता. त्याच्या हातची रेघ म्हणजे दगडावरची रेघ, पुन्हा हात लावायला नको. पण छत्रीचा विषय निघाला की कवळीताई म्हणायची, "दातांचं तुला कळतं, छत्रीचं मला."

आणि मग ते भांडण झालं. छत्रीचं नव्हे, खरं.

दादाला नवी भट्टी बसवायची होती. जिन्याखाली जागा नव्हती, कारण तिथे कवळीताईंची खोकी होती. ती एका दवाखान्यात कवळ्या पोचवायला गेली असताना त्यानं खोकी हलवली आणि त्यातलं एक, मोडक्या सामानाचं समजून, भंगारवाल्याला दिलं. त्यात ते लहानपणीचं अस्वल होतं. ती परत आली, तिनं विचारलं, आणि दादा सरळपणे म्हणाला की त्यात धड असं एकही नव्हतं. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं. त्यावर ती जे बोलली ते तिनं बोलायला नको होतं. ती म्हणाली की तुला मेलेले दात तेवढे कळतात, जिवंत माणसं कळत नाहीत, आणि वडिलांनाही ते माहीत होतं. वडिलांचं नाव मध्ये आलं आणि दादानं तिच्याशी अबोला धरला. महिन्याभरात तो भट्टी घेऊन पुलापलीकडे गेला आणि तिथे त्यानं स्वतःची लॅब टाकली.

त्याला दहा-अकरा वर्षं झाली. वहिनी अधूनमधून फोन करायची, बरी आहेस ना विचारायची. कवळीताईही विचारायची, सगळे बरे ना? सगळे या शब्दात दादा यायचा. त्यापलीकडे काही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? तिला त्याची आठवण यायची, रोज यायची. खिडकीशी पेशंट बसवून रंग जुळवताना तर हटकून यायची, कारण त्या कामात ती कच्ची होती.

जुन्या सामानाच्या एका दुकानात तिची दर आठवड्याला फेरी असायची. दुकानावर 'एकच भाव' अशी पाटी होती म्हणून मालकाला सगळे एकभाव म्हणत, आणि त्याच्याइतकी घासाघीस करणारा माणूस शोधून सापडला नसता. फुटक्या कपाच्या कानासाठी तो अर्धा तास वाद घालायचा. त्या दिवशी ती गेली तर त्यानं टेबलाखालून एक पुडकं काढलं आणि तिच्यापुढे ठेवून तो पंखा पुसायला लागला.

पुडक्यात बगळ्याचं अस्वल होतं, सायकलवर बसलेलं. हातात छत्री होती. छत्री पिवळी होती.

कवळीताईंनी तोंडातून पहिला आकडा काढला आणि एकभाव म्हणाला, घेऊन जा. इथेच तिच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. हा माणूस असा कसा वागला, हे कुठून आणलं, हे विचारायला हवं होतं. पण आनंदानं माणूस बधिर होतो. हिरडीत इंजेक्शन दिल्यावर होतो तसा. तिनं तिथेच चाकं तपासली. तिच्या लहानपणीच्या अस्वलाच्या मागच्या चाकाला पोचा होता, याला नव्हता. म्हणजे हे ते नव्हे, दुसरं. असेना. छत्रीचा घेर, तिची कातरलेली कड, टोकावरचा मोहरीएवढा गोळा, सगळं आठवणीतलं होतं. आणि पिवळी! वाटेत तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता पूल ओलांडून जावं, अस्वल दादाच्या टेबलावर आपटावं आणि म्हणावं, बघ. पूल दिसेपर्यंत ती गेलीही. मग तिथूनच परतली. भांडण जिंकायला जायचं तरी आधी बोलणं असावं लागतं.

तिच्यासारखे खुळे आणखी चार-पाच जण गावात होते. घड्याळजींचं दुकान बंद असलेल्या दिवशी ते तिथे मागच्या खोलीत जमायचे. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक शांत गृहस्थ, त्यांच्याकडे चावीच्या बेडकांचा मोठा जमाव होता. त्या बैठकीचा एक रिवाज होता. आपली वस्तू टेबलावर ठेवली की तिची खोड आपणच सांगायची. एकानं दुसऱ्याच्या वस्तूला कधी नावं ठेवायची नाहीत. चाक बदललंय, रंग वरून दिलाय, जे असेल ते मालकानंच सांगायचं, आणि त्यानं सांगितलं तेच सगळ्यांनी धरायचं. कवळीताईंनी अस्वल ठेवलं आणि सांगितलं की खोड काही नाही. सगळे एकदम उठून बघायला लागले. घड्याळजींनी चावी दिली, अस्वल फिरलं, छत्री फिरली. इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो, पिवळी निघाली हो, असं जो तो म्हणाला. कवळीताईंचा चेहरा असा फुलला होता की त्या दिवशी तिनं कुणाच्याही दातांकडे पाहिलं नाही. या अस्वलाचा चांगला फोटो काढायचा आणि दुसऱ्या गावांतल्या संग्राहकांना पाठवायचा असं ठरलं.

फोटोसाठी साफसफाई करायची म्हणून ती दुपारी खिडकीशी बसली. मऊ ब्रश घेतला, डोळ्याला कामाचं भिंग लावलं. धूळ झटकता झटकता छत्रीच्या कडेला तिला एक तांबडा केस दिसला. ब्रशचा असेल म्हणून तिनं चिमट्यानं उचलायला बघितलं. उचलला जाईना. तो वर नव्हताच, प्लास्टिकच्या आत होता.

ब्रश तिच्या हातातच राहिला.

कवळीची हिरडी ज्या गुलाबी पावडरीची करतात तिच्यात बारीक तांबडे तंतू मिसळलेले असतात. हिरडी खरी वाटावी, तिच्यात रक्त फिरतंय असं दिसावं म्हणून. त्यांच्या घरात त्यांना शिरा म्हणायचे. या शिरा फार चिवट. एकदा ती पावडर वाटीत कालवली की वाटी कितीही पुसा, एखादी शीर राहतेच आणि पुढच्या कामात उतरते. म्हणून वडिलांचा नियम होता, पांढऱ्या कामाची वाटी वेगळी. आणि जगातल्या कुठल्याही खेळण्यांच्या कारखान्यात छत्रीला हिरडी नसते.

म्हणजे छत्री बगळ्याची नव्हती. कवळी करणाऱ्या कुणीतरी ती केली होती. आणि टोकावरचा तो मोहरीएवढा गोळा? खोक्यावरच्या चित्रात टोकच कापलेलं होतं. गोळा होता हे माहीत असलेली माणसं दोनच. तिनं छत्री उजेडाकडे तिरकी धरली. पॉलिशचे बारीक ओरखडे उलट्या बाजूला झुकलेले होते, डाव्या हाताचे.

पहिल्यांदा तिला रागच आला. माझ्या कपाटात खोटं घुसवलं! मला मूर्ख बनवलं, चार लोकांत तोंडघशी पाडलं! ती उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, त्या तीन माकडांना उगीचच सरळ केलं आणि परत येऊन बसली. एकभाव पंखा का पुसत होता ते आता तिला कळलं. ज्या माणसानं खोकं भंगारात दिलं होतं, तो भंगाराची दुकानं पालथी घालत अस्वल शोधत फिरला होता. सापडल्यावर त्यानं मेणात छत्री कोरली, साचा घेतला, पिवळा रंग कालवला. आणि ते घेऊन तिच्या दारी यायचं सोडून तिच्या फेरीच्या दुकानात ठेवून आला. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड जुनीच.

मग तिनं पुन्हा भिंग लावलं, कारण काहीतरी डोळ्याला खुपत होतं. छत्रीच्या काड्या कोरून उठवलेल्या होत्या. पहिली काडी सरळ, दादाची. दुसरी सरळ. पुढे पुढे जाताना रेघ नागमोडी होऊ लागली होती. शेवटची तर मध्येच थांबली होती आणि पुन्हा उचलून पुरी केली होती. दादाची रेघ, आणि पुन्हा उचलून?

वाकडी रेघ दादानं कधी टेबलावरून उठू दिली नव्हती. वितळवून पहिल्यापासून करायचा. म्हणजे ही त्यानं कितीदा केली असेल, आणि त्यातली सगळ्यात चांगली ही असेल. इतकं तिला कळलं आणि ती रडली. त्याच्या हाताला कंप सुटला होता. वहिनी फोनवर सगळे बरे म्हणत होती, आणि हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच निकामी होत चालला होता.

ही गोष्ट ती गिळून बसली असती तरी कुणाला कळलं नसतं. ती शीर दुसऱ्या कुणालाही ओळखू आली नसती. छत्री पिवळी ठरलेलीच होती, फोटो गेला असता, पुढची पन्नास वर्षं लोकांनी पिवळीच म्हटलं असतं. दोन दिवस ती त्या विचारात राहिली हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी ती घड्याळजींच्या दुकानात गेली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं की अस्वलाची खोड सांगायची राहिली, छत्री नंतर केलेली आहे, माझ्या भावानं केली आहे, फोटो पाठवू नका.

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं. छत्री खोटी म्हणून त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "का केली म्हणाले?"

"विचारलं नाही मी."

"मग ताई, खोड अर्धीच सांगितलीत," ते म्हणाले आणि भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं.

ती तशीच घरी आली, अस्वल धुतल्या रुमालात बांधलं आणि पुलाकडे निघाली. या वेळी ती मध्ये थांबली नाही.

दादाची लॅब रस्त्यालगत, मागे घर. लॅबचं दार उघडं होतं. तिनं आत डोकावलं. टेबल लख्ख, फरशी लख्ख, धुरळ्याचा कण नाही. चालत्या लॅबमध्ये पाऊल उठतं. वहिनी आतून आली आणि तिचा हात धरून आत घेऊन गेली. जाता जाता एवढंच पुटपुटली की त्यांनीच मला बोलू दिलं नाही गं.

दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. म्हातारा झाला होता. डावा हात त्यानं मांडीखाली दाबून ठेवला होता, लहानपणी चोरून गोळ्या खाल्ल्यावर ठेवायचा तसा. ये म्हणाला, बस म्हणाला. वहिनीनं चहा आणला. तिचा कप भरलेला, दादाचा अर्धाच. कवळीताईंनी दोन्ही कप पाहिले आणि कशाबद्दल काही विचारलं नाही. थोडा वेळ पुलावरच्या वाहतुकीबद्दल बोलणं झालं. मग तिनं रुमालाची गाठ सोडली आणि अस्वल मधल्या टेबलावर ठेवलं.

"दांडा जाड झालाय," ती म्हणाली.

दादानं अस्वलाकडे बघितलं. नाही म्हणण्यात काही अर्थ नाही हे त्याला कळलं असावं. "बारीक केला असता तर पुन्हा मोडला असतास."

"मी नव्हता मोडला."

"बरं."

"आणि वाटी धुतली नव्हतीस."

आता मात्र तो चपापला. पुढे वाकला, डोळे बारीक केले. "शीर राहिली?"

"कडेला. एकच आहे."

"वाटी मीच धुतली होती," तो म्हणाला. "घासता येत नाही आता नीट." आणि मांडीखालचा हात काढून त्यानं टेबलावर ठेवला. हात हलत होता, आणि त्याबरोबर टेबल, टेबलावरचं अस्वल आणि अस्वलाची छत्री. वहिनीनं तोंड फिरवलं.

कवळीताईंना खूप काही बोलायचं होतं. वडिलांचं नाव काढून बोललेलं मागे घ्यायचं होतं. वाटेत तिनं शब्दही जुळवले होते, ते सगळे कुठे गेले कुणास ठाऊक. ती म्हणाली, "माझ्याकडे रंग जुळवायला माणूस नाही. परवा एका बाईंना घोड्याचे दात बसवलेत मी. डॉक्टर फोन घेत नाहीत माझा."

"इतकी वर्षं काय करत होतीस?"

"अंदाजानं."

दादा हसला. तिनं सवयीनं त्याच्या दातांकडे पाहिलं. अजून सगळे स्वतःचे होते.

"त्याला हात लागत नाही," ती म्हणाली. "डोळा लागतो. खुर्ची खिडकीशीच आहे, हलवली नाही मी."

दादानं खिडकीबाहेरचा उजेड बघितला. मग म्हणाला की सकाळचा उजेड बरा असतो, दहाच्या आत पेशंट बोलावत जा. वहिनी आत निघून गेली आणि आत भांडी उगाचच वाजली.

कवळीताईंनी अस्वल उचलून घट्ट धरलं आणि चावीची बाजू दादाकडे केली. त्याची बोटं चावीवर दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली. तिनं घाई केली नाही. चावी भरली तसं तिनं अस्वल सोडलं. ते पायडल मारत टेबलावर फिरायला लागलं, त्याच्या डोक्यावर पिवळी छत्री फिरायला लागली, आणि वाकड्या काड्या फिरताना दिसेनाशा झाल्या. दोघं बघत राहिले.

"पण पिवळीच होती ना शेवटी?" तिला राहवलं नाही.

"हिरवी होती," दादा म्हणाला.

"मग पिवळी कशाला केलीस?"

"हिरवी केली असती तर तुला ती आपली वाटली नसती."

अस्वल दादाच्या अर्ध्या कपाला जाऊन धडकलं आणि तिथेच पायडल मारत राहिलं. कवळीताईंनी हात पुढे करून ते वळवलं. छत्री तिच्या डोळ्यांपुढून गेली, पुन्हा गेली, आणि जन्मात पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की असेलही बाई हिरवी.